मापाला ठेवलेली चोळी

मित्रांनो, आज मला बघून ही एके काळची चोळी आहे असं कुणी म्हणणार नाही. माझ्या दोन्ही बाह्या गेल्या. पुढच्या गाठीचं एकच टोक उरलं. मूळचा हिरवा रंग विटून विहिरीच्या कडेच्या शेवाळासारखा झाला आहे. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगताना छाती पुढं काढतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे, कारण माझ्यामुळे एका पोरीची चारचौघांत मान खाली गेली.

माझा जन्म रत्नागिरीला रामआळीत, लवू शिंप्याच्या ओट्यावर झाला. साल एकोणीसशे तेवीस. मांडवीच्या गोदूबाईंची थोरली लेक दमयंती हिच्या लग्नासाठी मला शिवलं. गोदूबाईंचे यजमान हरिश्चंद्र मुंबईच्या आगबोटीवर खलाशी होते. ते वर्षाकाठी एकदा घरी येत. घर नेटानं चालवायचं तर कपड्यालाही नेम हवा. गोदूबाईंचा नेम असा, की वर्षाला माणशी एक खण. वर एक वीतही नाही.

दमयंती सुरूच्या रोपासारखी सडसडीत होती. एका खणात तिची चोळी होऊन वर चिंधी उरे. मी तिच्या अंगावर अशी बसले की कुठं सुरकुती नाही, कुठं ताण नाही. लग्नानंतर ती पूर्णगडला सासरी निघाली, तेव्हा लवूकाका गोदूबाईंना म्हणाले, "वयनी, ही चोळी झिजवू नका. ही मापाला ठेवा."

हे तुम्हांला कदाचित उमगणार नाही, म्हणून सांगते. त्या काळी आमच्याकडच्या बायका शिंप्याला अंगाचं माप देत नसत. परक्या पुरुषानं अंगाला दोरी लावायची ही गोष्टच कुणाच्या मनात येत नसे. मग अंगाला नीट बसलेली एक चोळी शिंप्याकडे पाठवायची आणि सांगायचं, हिच्यासारखी शीव. अंग थोडं भरलेलं असेल तर म्हणायचं, बोटभर सैल. जास्त असेल तर दोन बोटं, तीन बोटं. शिंपी मान डोलवायचा आणि खडूनं खूण करायचा. बाकी कुणी काही विचारत नसे.

माझा मान वाढला. शेजारणी मला मागून नेऊ लागल्या. लवूकाका ओट्यावर बसलेल्यांना माझी शिवण दाखवत आणि म्हणत, "ही चोळी नाय, ही फूटपट्टी हाय." हळूहळू मला वाटू लागलं की बाईचं खरं अंग म्हणजे माझ्याएवढंच. जिला माझ्यापेक्षा बोटभर जास्त लागतं ती बोटभर चुकलेली. मित्रांनो, कापडालाही गर्व होतो.

गोदूबाईंची धाकटी लेक चिमा. दमयंतीहून सात वर्षांनी लहान. ती सोळा वर्षांची झाली आणि तिचे खांदे रुंदावले, दंड भरले. वाडीची विहीर उतारावर, चाळीस पायऱ्या खाली. थोरली सासरी गेल्यापासून पाणी चिमाच ओढायची. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, आणि चढ चढतानाही तिचं गाणं तुटत नसे. हसली की अख्खं अंगण हसल्यासारखं वाटे.

पण गोदूबाईंना तिच्याकडे बघून धास्ती वाटे. "अशी कशी गो फोफावलीस?" त्या म्हणायच्या. तिच्या ताटातली भाकरी अर्धी करायच्या. लवूकाकांकडे मला घेऊन जाताना वाटेत शंभरदा ठरवायच्या की आज तीन बोटं सैल सांगायचं. पण ओट्यावर दोन माणसं बसलेली दिसली की त्यांच्या तोंडून निघे, "बोटभर सैल. जास्त नको." दुकानातही तेच. खण घेताना दुकानदार विचारी, "एक पुरेल ना?" आणि गोदूबाई घाईनं म्हणत, "पुरतो, पुरतो." चिमाला खरं म्हणजे दीड खण लागायचा. पण दीड खण मागायचा म्हणजे लेकीचं अंग भर बाजारात सांगायचं, असं त्यांना वाटे.

मग चिमा त्या आवळ चोळ्या घालायची. हात खांद्याच्या वर जात नसत. काखेत लाल वळ उठायचे. चोळी दोन महिन्यांत बगलेत उसवायची, की तिथं ठिगळ, ठिगळावर ठिगळ. वैशाखाच्या उकाड्यातही ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसू लागली. पाणी भरताना तिचं गाणं थांबलं. आईला वाटलं, पोर वयात आली, शहाणी झाली. मी वळणीवर टांगलेली होते, मला सगळं दिसत होतं. ती शहाणी झाली नव्हती, ती लाजायला शिकली होती.

एकोणीसशे एकतीसच्या माघात संगमेश्वराकडून चिमाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा भागोजी, त्याचे वडील आप्पा, आणि आप्पांची बहीण. नवा खण आणलेला होता, पण लवूकाका हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. खण तसाच घडीत राहिला. चिमाच्या रोजच्या चोळ्यांना तर सगळी ठिगळं.

गोदूबाईंनी वळणीकडे बघितलं. "ही घाल," त्या म्हणाल्या.

दमयंती मदतीला पूर्णगडहून आली होती, दोन पोरं घेऊन. ती दचकलीच. "आये, ती हिला कशी होईल? मलाच होत नाय आता."

"तुझं बाळंतपणात अंग सुटलं. हिला काय झालंय? होईल. दोन्ही कडा उसवून बोटबोटभर सोड."

दमयंतीनं उसवून बघितलं, पण आत सोडायला कापडच नव्हतं; तशीच परत टाचली. बाही कोपराच्या वर जाईना. तेव्हा गोदूबाईंनी चिमाच्या दंडाला खोबरेल चोळलं आणि बाही इंच इंच वर सरकवली. चिमा भिंतीकडे तोंड करून उभी होती. पुढची गाठ मारताना आईनं गुडघा लावून गोणीचं तोंड आवळावं तशी मला आवळली.

आता मी त्या वेळी मनात काय आणलं ते सांगते. मला तिची कीव यायला हवी होती. तिच्या काखेत रुतत होते ती मी, कळ तिला लागत होती. पण माझ्या मनात आलं, केवढा हा दंड! ही मला फाडणार! माझी इतक्या वर्षांची शिवण ही पोर बिघडवणार! मला राग आला तो तिच्या अंगाचा. आज इतकी वर्षं झाली, तो राग आठवला की माझा विटलेला रंगसुद्धा आणखी उतरल्यासारखा वाटतो.

पाहुणे पडवीत बसले. पोहे झाले, नारळाच्या वड्या झाल्या. चिमानं सगळं कोपर अंगाला चिकटवून, खाली मान घालून वाढलं. आप्पांना ती पसंत पडली असावी. ते म्हणाले, "आमच्या घरी भातशेती, पाण्याचं काम जास्त. पोर धट्टीकट्टी हवी." आत्याबाई म्हणाल्या, "मग बघूया की. पोरी, ती भरलेली घागर उचल नि आत नेऊन ठेव."

मित्रांनो, रोज दोन घागरी घेऊन चाळीस पायऱ्या चढणारी ही पोर. दुसरं काही सांगितलं असतं तर कदाचित ती गोंधळली असती, पण घागर उचलणं म्हणजे तिच्या हातचा मळ. ती वाकली. दोन्ही हातांनी घागर धरली, उचलली, आणि डोक्यावर ठेवायला हात वर केले.

मी फाटले. काखेपासून पाठीपर्यंत, एका दमात, टर्रकन. सगळ्या पडवीला ऐकू गेलं.

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "बाय माझे! कापडसुद्धा घाबरून पळालं!" आप्पाही हसले. भागोजी तेवढा आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला. त्याला काही बोलायचं होतं की नव्हतं, देव जाणे.

चिमानं घागर खाली टाकली नाही. ती तशीच, फाटक्या पाठीनं, सगळ्यांच्या देखत चालत आत गेली. घागर तिच्या जागी ठेवली. एक थेंब सांडला नाही. मग तिनं मला अंगावरून ओढून काढलं आणि कोपऱ्यात बसून राहिली.

चार दिवसांनी निरोप आला. जिच्या अंगावर कापड टिकत नाही ती घरात काय टिकणार, असं आत्याबाईंचं म्हणणं होतं. ही गोष्ट मांडवीभर झाली. चिमा विहिरीवर निघाली की वाटेवरची पोरं तोंडानं "टर्र" करायची. म्हणून ती भर दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना पाण्याला जाऊ लागली. गोदूबाईंनी तर आठ दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. एकाच घरात दोघी होत्या, पण एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

नवव्या दिवशी चिमानं मला आणि तो नवा खण एका फडक्यात बांधलं आणि एकटी रामआळीत गेली. लवूकाका बरे होऊन नुकतेच ओट्यावर बसले होते. तिनं गाठोडं त्यांच्या पुढ्यात सोडलं.

"लवूकाका, ह्या चोळीचं माप आता नको. माझं माप घ्या."

काका गडबडले. हातातली सुई त्यांनी उगीचच टोपीला टोचली. "अगो, मी कसं घेऊ? आयेला पाठव."

"आये खोटं सांगते," चिमा म्हणाली. आणि इतक्या दिवसांत जे आलं नव्हतं ते रडू तिला तिथं, उघड्या ओट्यासमोर आलं.

आतून काकांची बायको जनीकाकी आली. तिनं चिमाला हाताला धरून माजघरात नेलं, पाणी दिलं, आणि सुताची दोरी घेतली. खांद्यापासून खांद्यापर्यंत एक गाठ. दंडाला एक गाठ. छातीला एक. कुठंही आकडा नाही, "बापरे" नाही. गाठी मारता मारता काकी आपली बोलत होती.

"तुझी चोळी फाटली ती अंगानं नाय, बगलेत कळी नव्हती म्हणून. कामाच्या बाईला बगलेत चौकोनी तुकडा लागतोच, नायतर हात वर होतो कसा? आणि रुंद खांद्याला बाही आखूड नको, कोपराशी येऊ दे. दंडावर हा हातभर काठ आणून लावतेस, तो कशाला? बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते. बारीक काठ लाव, नि तो खाली, कोपराशी. वाळकुड्या पोरीला मोठा काठ लाव, तिचा दंड भरल्यासारखा दिसतो."

"पण काकी, खण एकच हाय."

"एकच पुरव. खण बाह्यांना नि पुढं लाव. पाठ पदराखाली असते, ती कोण बघतो? तिला जुन्या लुगड्याचं मऊ कापड लाव. घाम पण टिपतं." मग तिनं मला उचलून उजेडात धरलं. "आणि कळ्यांना ही घे. रंग जुळतो."

चिमा थबकली. "ही आक्काच्या लग्नाची."

"आता कुणाच्या कामाची?" काकीनं विचारलं.

माझ्या बाह्यांत कात्री शिरली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण माझे ते दोन तुकडे चिमाच्या बगलेत बसले, आणि तिनं हात सरळ डोक्यावर नेला, खाली आणला, परत नेला. लहान मूल नवा खेळ शिकल्यावर करतं तसं ती पुन्हा पुन्हा करत होती. काकी हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

घरी गाठी मारलेली दोरी चिमानं खुंटीला अडकवली. ती बघून गोदूबाई कडाडल्या. "लाज नाय? अंग खुंटीला टांगून ठेवलंस?"

"आये, तू लपवलंस तेव्हा जास्त लोकांनी बघितलं."

गोदूबाईंचा हात वर गेला होता. तो तसाच खाली आला. त्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि नुसतं फुंकत राहिल्या, जाळ कधीचाच लागला होता तरी.

पुढं दोन वर्षं चिमा रोज दुपारी जनीकाकीकडे शिवण शिकायला जात होती. मांडवीच्या बायका आता मला मागायला येत नसत, चिमाला बोलवायच्या. शेजारच्या सखूचा उजवा खांदा मासळीच्या पाट्या वाहून खाली आला होता. कुठल्याही चोळीचा गळा तिच्या अंगावर तिरका व्हायचा. चिमानं तिची उजवी बाजू अर्धं बोट वेगळी कापली. सखू चोळी घालून आरशात बघत म्हणाली, "माझा खांदा सरळ झाला की काय गो?" कुणी खूप बारीक, कुणी पोटुशी, कुणी म्हातारपणानं वाकलेली. प्रत्येकीची दोरी वेगळी. चिमा ती दोरी जिच्या तिच्या घरीच ठेवायला सांगे. "तुझं माप तुझ्याकडे," ती म्हणायची. जुन्या लुगड्यांच्या पाठी, एका खणात दोन बायकांच्या बाह्या, असं ती काय काय पुरवायची.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. चिमाची लाज काही एका चोळीनं गेली नाही. कुणी मोठ्यानं हसलं की ती अजून दचकायची आणि पदर ओढायची. दुसऱ्यांची लाज तिच्या हातांनी दूर होत होती, स्वतःची मात्र अजून पुरती जात नव्हती.

तेहेतीस साली तिचं लग्न ठरलं, हातखंब्याच्या धोंडूशी. त्यानं तिला विहिरीच्या पायऱ्यांवर दोन घागरी घेऊन चढताना बघितलं होतं आणि आपणच मागणी घातली होती. लग्नाचा खण घ्यायला मायलेकी बाजारात गेल्या. हिरव्या रंगाशी रंग ताडून बघायला गोदूबाईंनी माझा उरलेला तुकडा सवयीनं काखेत घेतला होता, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

दुकानात लग्नसराईची गर्दी होती. ओळखीच्या चार बायका बसलेल्या. गोदूबाई पायरीवरच थांबल्या, त्यांना आत जावेना. चिमा आत गेली. ती म्हणाली, "हा हिरवा दीड खण द्या."

"दीड?" दुकानदारानं मान वर केली. "दीड कशाला? अर्धा कापून दिला तर उरलेला अर्धा कोण घेणार?"

बायकांनी वळून चिमाच्या खांद्यांकडे बघितलं. कुणीतरी हळूच हसलं. चिमाचा हात पदराकडे गेला. माझ्याभोवतीची गोदूबाईंची काख घट्ट झाली, आणि मला वाटलं, आता या मागच्या मागं घरी जाणार.

त्या पायरी चढून आत आल्या.

"उरलेला अर्धा मी घेते, घरी माझा एक पडलाय त्याला जोडायला," गोदूबाई म्हणाल्या. "माझीपण चोळी एका खणात होत नाय. कधीच होत नव्हती. पंचवीस वर्षं बगल उसवून घेत आले." मग त्या हसणारीकडे वळल्या. "लेकीचं अंग माझ्यावर गेलंय. तिचा काय गुन्हा?"

दुकानदारानं दोन खण फाडले.

परतताना मांडवीच्या वळणावर गोदूबाई थांबल्या. "सासरी मला गलबत म्हणायचे," त्या म्हणाल्या. "शीड लावलंस तर चालेल, म्हणायचे. मला माझ्या अंगाची लाज होती, ती मी तुझ्या अंगावर चढवली गो. चोळीसारखी." चिमानं आईच्या हातातलं गाठोडं आपल्याकडे घेतलं.

त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत चिमानं आईला मागच्या दारी उभं केलं आणि दोरी लावली. पन्नाशीला आलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा आपलं माप देत होती. डोळे मिटून, कानाच्या पाळ्या लाल करून उभी होती. मग चिमानं खण अंथरला, खडूनं रेघ ओढली आणि रेघेच्या बाहेर दोन बोटं जागा सोडून कात्री चालवली.

"अगो, कापड फुकट घालवतेस," आई म्हणाली.

"फुकट नाय, आये. ही माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवायची. पुढं अंग वाढलं की सोडता येते."

मित्रांनो, आमच्याकडे शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला माया असं म्हणतात. मला शिवताना ती कुणी ठेवली नव्हती. दमयंतीला लागली नाही, आणि मला वाटलं की ती कुणालाच लागत नाही. चूक तिथं झाली. माझ्यासारखं एखादं माप तुमच्या घरातही असेल, कुणा थोरल्या बहिणीचं, कुणा शेजारणीच्या लेकीचं, आणि कुणीतरी त्यात श्वास कोंडून उभं असेल. तिला ‘मापात बस’ असं म्हणू नका. शिवण उसवा. कपडा दुसऱ्यांदा शिवता येतो. हसण्याचा आवाज मात्र उसवता येत नाही, तो मी अजून ऐकते आहे.